व्हीएममधले इंटरप्ट आवरायचे कसे: जिनिंगच्या एका सर्व्हरवर तीन व्हीएम

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातल्या बऱ्याच जिनिंगांमध्ये आता ऑफिसच्या कोपऱ्यात एखादा रिफर्बिश्ड सर्व्हर असतो. त्यावर लिनक्स, लिनक्सवर केव्हीएम (कर्नलमधला, व्हीएम चालवणारा भाग) आणि क्यूएमू (व्हीएमला उपकरणांची सोंगं पुरवणारा प्रोग्राम), आणि आत तीन व्हीएम, म्हणजे आभासी मशीन: हिशेबाची विंडोज, धरमकाट्याची विंडोज आणि सोळा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं लिनक्स. हंगाम नसताना सगळं सुरळीत चालतं. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या रांगेत लागल्या की काट्याचा आकडा स्क्रीनवर उशिरा येतो, बिलाची खिडकी अडकते, कॅमेऱ्याचं चित्र तुटतं. सीपीयू बघावा तर चाळीस टक्केसुद्धा भरलेला नसतो. मग रॅम वाढवली जाते, एसएसडी बदलली जाते आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं. अशा वेळी पाणी बहुतेकदा इंटरप्टमध्ये, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांमध्ये, मुरत असतं.

खालच्या पायऱ्या याच मांडणीवर बेतल्या आहेत. क्रम बदलू नका. आधी मोजायचं, मग नको ते इंटरप्ट जन्मालाच येऊ द्यायचे नाहीत, उरलेल्यांना जवळचा रस्ता द्यायचा, त्यानंतर हार्डवेअरची मदत आणि सगळ्यांत शेवटी कोणाला कुठे बसवायचं ते. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर नेहमीच्या रोमन अक्षरांत टाका.

एका इंटरप्टचा खर्च नेमका कुठे होतो

खऱ्या मशीनवर नेटवर्क कार्डाने इंटरप्ट दिला की प्रोसेसर हातातलं काम सोडून हँडलर चालवतो आणि परत कामाला लागतो. व्हीएममध्ये कार्डच सॉफ्टवेअरचं असतं. त्याचा इंटरप्ट गेस्टपर्यंत (व्हीएमच्या आतल्या सिस्टीमपर्यंत; बाहेरचा खरा सर्व्हर तो होस्ट) न्यायचा म्हणजे चालू व्हीसीपीयूला, व्हीएमच्या आभासी प्रोसेसरला, बाहेर काढायचं (यालाच व्हीएम एक्झिट म्हणतात), इंटरप्ट घालायचा आणि परत आत सोडायचं. गेस्टचा हँडलर संपताना तो एपिकला (प्रोसेसरपाशी इंटरप्ट सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) 'काम झालं' असं कळवतो, ते ईओआय. जुन्या पद्धतीत त्या एका लेखनासाठीही पुन्हा एक्झिट. म्हणजे उपकरणाच्या एकाही रजिस्टरला हात न लावताच दोन एक्झिट खर्ची पडल्या.

एक्झिट कर्नलमध्येच निस्तरली तर साधारण हजार-दोन हजार सायकलमध्ये भागतं. तीच क्यूएमूपर्यंत, म्हणजे यूजरस्पेसमध्ये गेली, तर खर्च कित्येक पट वाढतो, कारण धागा (थ्रेड) कर्नलमधून बाहेर येतो, क्यूएमूचं कुलूप घेतो, उपकरणाचं सोंग वठवतो आणि परत जातो. म्हणून इंटरप्ट किती आले एवढंच मोजून भागत नाही. प्रत्येकामागे एक्झिट किती आणि त्यांतल्या यूजरस्पेसपर्यंत किती गेल्या, हे बघावं लागतं.

उदाहरण म्हणून क्यूएमूचं जुनं ई१००० कार्ड घ्या. लिनक्सचा ड्रायव्हर दर इंटरप्टला कारणाचं रजिस्टर वाचतो, मास्कचं रजिस्टर लिहितो, काम झाल्यावर मास्क उघडतो आणि मग ईओआय. यांतली पहिली तिन्ही कामं यूजरस्पेसमध्ये जातात. वर हे कार्ड एमएसआय (संदेश लिहून इंटरप्ट देण्याची नवी पद्धत) वापरत नाही, जुन्या आयएनटीएक्स लाइनवर चालतं. ती लाइन दुसऱ्या उपकरणाशी वाटून घेतलेली असली तर त्याचाही हँडलर फुकट धावतो.

पायरी १: मोजा

होस्टवर 'पर्फ केव्हीएम स्टॅट लाइव्ह' चालवा. गाड्यांची गर्दी असतानाच, रात्री निवांत वेळी नाही. एक्झिटच्या कारणांचा तक्ता दिसतो. तो वाचताना लोक हमखास फसतात ते इथे:

एचएलटीचा वेळ सगळ्यांत मोठा दिसतो. त्यात गेस्ट निवांत झोपलेला वेळही धरलेला असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. एमएसआर_राइट (प्रोसेसरच्या खास रजिस्टरांत लिहिणं) जास्त दिसला की लगेच उपकरणाला दोष देऊ नका. गेस्टचा टायमर दर वेळी लावताना टीएससी डेडलाइनच्या एमएसआरमध्ये लिहितो आणि एका व्हीसीपीयूने दुसऱ्याला हाक मारली तरी तिथेच नोंद होते. आयओ_इन्स्ट्रक्शन म्हणजे जुनी पोर्टवाली उपकरणं: सिरीयल पोर्ट, आरटीसी घड्याळ, आयडीई. हा आकडा सेकंदाला काही शेकड्यांपलीकडे गेला की तिथेच शोध सुरू करा.

ईपीटी_मिसकॉन्फिग हे नाव भयानक वाटतं, पण तो बिघाड नाही. गेस्टने एखाद्या आभासी उपकरणाच्या मेमरीला हात लावला एवढाच त्याचा अर्थ. व्हर्टआयओची (व्हीएमसाठीच बनवलेल्या, तिसऱ्या पायरीतल्या उपकरणांची) घंटा, म्हणजे 'काम टाकलं' ही गेस्टची हाकही इथेच मोजली जाते आणि ई१०००चं रजिस्टरही. दोन्ही वेगळे काढायचे तर 'केव्हीएम_स्टॅट' उघडा आणि एमएमआयओ_एक्झिट्स हा आकडा बघा. त्यात यूजरस्पेसपर्यंत गेलेल्याच मोजल्या जातात. ईपीटी_मिसकॉन्फिग मोठा पण एमएमआयओ_एक्झिट्स लहान, तर घंटा कर्नलमध्येच निस्तरली जाते आहे, छान चाललं आहे. दोन्ही मोठे असतील तर कुठेतरी जुनं उपकरण बसलेलं आहे.

आता लिनक्स गेस्टमध्ये 'वॉच -एन १ -डी कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स'. ज्या ओळीचा आकडा भराभर पळतो ती पकडा. ओळीत आयओ-एपिक आणि फास्टईओआय असं दिसलं तर उपकरण जुन्या लाइनवर आहे, पीसीआय-एमएसआय दिसलं तर नव्या रस्त्यावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा आकडे उतरवून घ्या आणि फरकाला साठने भागा. हा कागद जपून ठेवा. प्रत्येक बदलानंतर याच्याशीच ताडून बघायचं आहे.

पायरी २: नको ते इंटरप्ट बंद करा

सगळ्यांत मोठा फायदा बहुतेक वेळा याच पायरीत मिळतो, आणि नेमकी हीच पायरी लोक ओलांडून पुढे जातात.

*माउसचा टॅब्लेट.* व्हीएम बनवताना व्हर्ट-मॅनेजर यूएसबी टॅब्लेट जोडून देतं, म्हणजे स्क्रीनवरचा बाण जुळून राहतो. जुन्या आय४४०एफएक्स मशीनवर तो यूएचसीआय या जुन्या यूएसबी कंट्रोलरला लागतो. यूएचसीआयची चौकट दर मिलिसेकंदाला फिरते, म्हणजे माउसला कुणी हात लावलेला नसतानाही होस्टला सेकंदाला हजार वेळा उठायचा प्रसंग. विंडोजच्या दोन व्हीएम असल्या तर दोन हजार. कंट्रोलर बदलून क्यूएमू-एक्सएचसीआय करा. आरडीपीनेच काम होत असेल तर टॅब्लेट काढूनच टाका.

*काट्याचा सिरीयल पोर्ट.* इथे जरा थांबून बघू. धरमकाट्याचा इंडिकेटर सहसा आरएस-२३२ वर 'कंटिन्युअस' पद्धतीने वजन सोडत राहतो, गाडी काट्यावर असो वा नसो. ९६०० बॉडवर, आठ बिट आणि एक स्टॉप बिट धरला, तर सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट येतात. क्यूएमूचा सिरीयल पोर्ट म्हणजे १६५५०ए चिपची नक्कल. तिला १६ बाइटची फिफो (आलेले बाइट साठवणारी छोटी रांग) असते आणि इंटरप्ट १, ४, ८ किंवा १४ बाइट साठल्यावर द्यायची सोय असते. फिफो बंद असेल किंवा ट्रिगर १ वर असेल, तर दर बाइटला एक इंटरप्ट. तेव्हा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन रिसीव्ह बफर सर्वांत वर, १४ वर, करा. बाइट अखंड येत असतील तर ९६० इंटरप्टचे सत्तरच्या आसपास होतात. इंडिकेटर सोळा बाइटची ओळ पाठवून थांबत असेल तर ओळीमागे दोन इंटरप्ट: एक १४ बाइट भरल्याचा आणि दुसरा उरलेल्या दोन बाइटसाठी, चार अक्षरांएवढा वेळ वाट पाहून येणारा टाइमआउटचा.

पण एवढ्यावर समाधान मानू नका. इंटरप्ट कमी झाले तरी ड्रायव्हर प्रत्येक बाइटसाठी लाइन स्टेटस आणि डेटा अशी दोन रजिस्टरं वाचतोच, आणि प्रत्येक वाचन म्हणजे यूजरस्पेसपर्यंतची एक्झिट. ९६० बाइटच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला जवळपास १९०० एक्झिट अजून शिल्लकच. म्हणून खरा उपाय उगमापाशी आहे. इंडिकेटरच्या सेटअपमध्ये कंटिन्युअसऐवजी 'डिमांड' किंवा 'प्रिंट' पद्धत निवडता येत असेल तर निवडा. मग सॉफ्टवेअरने मागितल्यावरच वजन येतं. ती सोय नसेल तर सिरीयल केबल होस्टलाच राहू द्या, तिथे 'सेरटूनेट' (सिरीयल पोर्ट नेटवर्कवर आणणारा प्रोग्राम) चालवा आणि वजन टीसीपीवरून व्हीएमकडे पाठवा. विंडोजमध्ये आभासी कॉम पोर्ट बनवून जुनं काटा-सॉफ्टवेअर त्याला जोडता येतं. आता पूर्ण ओळ एका पॅकेटमध्ये येते आणि बाइटमागचा खर्च संपतो.

*घड्याळं.* विंडोज गेस्टला चांगलं घड्याळ मिळालं नाही तर ते आरटीसीच्या (पीसीतल्या जुन्या घड्याळाच्या) टिकवर चालतं. आरटीसीची नक्कल क्यूएमूमध्ये होते, म्हणजे सगळा खर्च यूजरस्पेसचा. एखाद्या प्रोग्रामने बारीक टायमर मागितला की टिकचा वेग सेकंदाला हजारांवर जातो. होस्टवर ताण आला की हुकलेले टिक नंतर भराभर घातले जातात, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी इंटरप्टचा अजून एक लोंढा. लिबव्हर्टच्या (व्हीएमची मांडणी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) क्लॉक विभागात एचपीईटी 'नो' करा आणि हायपरव्हीक्लॉक 'येस'. हायपरव्ही विभागात रिलॅक्स्ड, व्हीएपिक, व्हीपीइंडेक्स, सिनिक आणि एसटायमर 'ऑन' करा. एसटायमर एकट्याने चालत नाही. त्याला व्हीपीइंडेक्स, सिनिक आणि हायपरव्ही घड्याळ ही तिन्ही लागतात. यांतलं एक राहिलं तर व्हीएम सुरूच होत नाही, आणि मग लोक वैतागून पाचही बंद करून टाकतात.

साउंड कार्ड, फ्लॉपी, न वापरलेली सीडी, दुसरा सिरीयल पोर्ट ही अडगळ काढून टाका. हिशेबाच्या व्हीएमला आवाज कशाला?

पायरी ३: उरलेल्यांना जवळचा रस्ता

आता कॅमेरे. सोळा कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे एकूण ६४ एमबीपीएस, सेकंदाला ८ एमबी. एका पॅकेटमध्ये साधारण १४०० बाइट धरले तर सेकंदाला सुमारे ५७०० पॅकेट. ई१०००वर पॅकेटमागे एक इंटरप्ट पडला तर एक्झिटचा आकडा सहज वीस-पंचवीस हजारांवर जातो. रिफर्बिश्ड सर्व्हरचा एक कोर यातच गुंततो.

व्हर्टआयओ-नेट वापरलं की हे चित्र बदलतं. त्यात रजिस्टरांऐवजी दोघांच्या सामायिक मेमरीतल्या रांगा असतात. होस्ट पॅकेटं रांगेत टाकत जातो आणि गेस्टला एकदाच हाक मारतो. गेस्ट जागा होऊन रांग उपसत असेपर्यंत पुढची हाक मारूच नको असंही त्याला सांगता येतं. हमालाने प्रत्येक पोत्यामागे मुनीमाला उठवण्याऐवजी गाडी भरल्यावर एकदा आवाज द्यावा, तसंच. लिनक्सची नॅपी ही पॅकेटं उपसण्याची पद्धत एका फेरीत ६४ पॅकेटपर्यंत उपसते आणि रांग रिकामी झाल्यावरच पुन्हा इंटरप्ट मागते. म्हणूनच ताण वाढला की पॅकेटमागे इंटरप्ट उलट कमी होतात.

रस्ता जवळचा होतो तो तीन तुकड्यांनी. आयआरक्यूएफडी: इव्हेंटएफडीवर (कर्नलमधल्या सूचना द्यायच्या फाइलवर) लिहिलं की केव्हीएम थेट गेस्टला इंटरप्ट देतं, क्यूएमू मध्ये येत नाही. आयओइव्हेंटएफडी: गेस्टने वाजवलेली घंटा कर्नलमध्येच पकडली जाते. ही दोन्ही २००९ मध्ये लिनक्समध्ये आली. व्हीहोस्ट-नेट: पॅकेट हलवण्याचं कामच कर्नलमधल्या धाग्याकडे, हे २०१० पासून, २.६.३४ कर्नलमध्ये. तिन्ही एकत्र असले की पॅकेटच्या वाटेत क्यूएमू कुठेच लागत नाही.

करायचं एवढंच: इंटरफेसचं मॉडेल 'व्हर्टआयओ', ड्रायव्हरचं नाव 'व्हीहोस्ट'. होस्टवर 'एलएसमॉड'मध्ये व्हीहोस्ट_नेट दिसतो का पाहा. नंतर 'टॉप -एच' लावा. रेकॉर्डिंग चालू असताना व्हीहोस्टने सुरू होणाऱ्या नावाचा धागा काम करताना दिसला पाहिजे. तो शांत आणि क्यूएमूचा मुख्य धागा तापलेला असेल तर व्हीहोस्ट लागलेलाच नाही. विंडोज गेस्टमध्ये आधी व्हर्टआयओ-विनची आयएसओ जोडून ड्रायव्हर बसवा, मगच कार्ड बदला. डिस्कच्या बाबतीत तर हा क्रम चुकवूच नका, नाहीतर विंडोज निळ्या स्क्रीनवर उभं राहतं. युक्ती अशी की आधी एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जास्तीची जोडायची, विंडोजला ती ओळखू द्यायची आणि मग मुख्य डिस्क बदलायची.

लिनक्स गेस्टच्या इंटरप्ट यादीत आता व्हर्टआयओ०-इनपुट.० आणि व्हर्टआयओ०-आउटपुट.० अशा वेगवेगळ्या ओळी दिसल्या पाहिजेत. त्याऐवजी व्हर्टआयओ०-व्हर्टक्यूज अशी एकच ओळ दिसली तर व्हेक्टर (इंटरप्टचे वेगवेगळे क्रमांक) कमी पडले आहेत: ड्रायव्हरने प्रत्येक रांगेला वेगळा व्हेक्टर मागितला, मिळाला नाही, म्हणून सगळ्या रांगा एकावर आणल्या. तेही जमलं नाही तर तो आयएनटीएक्सवर घसरतो, आणि मग एवढा खटाटोप करून हाती फारसं काही लागत नाही. क्यूएमू हाताने चालवत असाल तर हिशेब असा: रांगांच्या जोड्या (एक येणाऱ्या, एक जाणाऱ्या पॅकेटांची) एन असतील तर व्हेक्टर दोन एन अधिक दोन. चार जोड्यांना दहा.

जोड्या किती ठेवायच्या? सोळा कॅमेऱ्यांना एक पुरते. दोन केल्या तरी चालेल, चार म्हणजे हौस. जास्त रांगा म्हणजे प्रत्येक रांगेत थोडी थोडी पॅकेटं, म्हणजे एका हाकेत कमी काम आणि एकूण इंटरप्ट जास्त. एकच व्हीहोस्ट धागा पूर्ण कोर खात असेल तेव्हाच वाढवा. व्हीसीपीयूचंही तेच. हिशेबाच्या व्हीएमला आठ व्हीसीपीयू दिले म्हणून ती पळत नाही, उलट एकमेकांना हाका मारण्याचे इंटरप्ट वाढतात. दोन पुरे.

होस्टच्या खऱ्या कार्डावर इंटरप्ट एकवटायचे असतील तर 'इथटूल'च्या मोठ्या सी पर्यायाने आरएक्स-यूसेक्स (पॅकेट आल्यावर इंटरप्ट देण्याआधी किती मायक्रोसेकंद थांबायचं) ठरवा. ५७०० पॅकेट म्हणजे सरासरी १७५ मायक्रोसेकंदाला एक. कॅमेऱ्याची पॅकेटं सारख्या अंतराने येत नाहीत, पूर्ण फ्रेमच्या वेळी लोंढ्याने येतात, म्हणून २५० ठेवलं तरी बराच फरक पडतो. रेकॉर्डिंगला १००० सुद्धा चालेल, पण त्याच कार्डावर हिशेबाच्या सॉफ्टवेअरची छोटी छोटी विचारणा चालू असते. तिथे प्रत्येक उत्तराला मिलिसेकंदाची भर पडली की शंभर विचारणांची एक खिडकी जड वाटायला लागते. २५० वर थांबा. काही साध्या ऑनबोर्ड कार्डांवर ही सोय नसते, आज्ञा सरळ नकार देते.

डिस्कसाठी व्हर्टआयओ-ब्लॉक आणि एक वेगळा आयओथ्रेड (डिस्कचं काम करणारा क्यूएमूचा स्वतंत्र धागा) पुरेसा आहे. रेकॉर्डिंगमध्ये खरा फरक पडतो तो लिहिण्याच्या तुकड्याच्या आकाराने. सेकंदाला ८ एमबी, ४ केबीच्या तुकड्यांनी थेट डिस्कवर लिहिलं तर २०४८ वेळा 'झालं' असं कळवावं लागतं. ५१२ केबीने लिहिलं तर १६ वेळा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये राइट बफरची सेटिंग शोधा.

पायरी ४: प्रोसेसरची मदत

इंटेलच्या एपिकव्हीमुळे गेस्टचा एपिक प्रोसेसरच सांभाळतो. ईओआयसाठी एक्झिट लागत नाही आणि चालू व्हीसीपीयूला बाहेर न काढता इंटरप्ट आत पोचतो. जुना सर्व्हर घेताना मॉडेल नंबर इथेच कामाला येतो. झिऑन ई५चा पहिला अवतार (२०१२) घेऊ नका, त्यात एपिकव्ही नाही. ई५ व्ही२ (२०१३) पासून आहे. पासथ्रू केलेल्या, म्हणजे थेट व्हीएमला देऊन टाकलेल्या, खऱ्या उपकरणाचा इंटरप्ट थेट गेस्टमध्ये नेणारी व्हीटी-डी पोस्टेड इंटरप्टची सोय व्ही४ (२०१६) पासून मिळते. नागपूरच्या बाजारात व्ही१ आणि व्ही२च्या भावात थोडाच फरक सांगतात म्हणून व्ही१ गळ्यात मारून घेऊ नका.

चालू आहे का हे /सिस/मॉड्यूल/केव्हीएम_इंटेल/पॅरामीटर्स/एनेबल_एपिकव्ही या फाइलमध्ये 'वाय' किंवा 'एन' असं दिसतं. 'वाय' असूनही केव्हीएम_स्टॅटमध्ये इंटरप्ट विंडोच्या एक्झिट वाढत असतील तर त्या व्हीएमपुरतं ते बंद पडलेलं आहे. विंडोजमध्ये याचं नेहमीचं कारण सिनिक. त्याच्या ऑटो-ईओआयशी (ईओआय आपोआप झालं असं धरण्याशी) एपिकव्हीचं पटत नाही. क्यूएमूच्या सीपीयू पर्यायांत एचव्ही-एव्हिक दिलं की विंडोजला ऑटो-ईओआय वापरू नको असा इशारा मिळतो आणि दोन्ही नांदतात. एएमडीवर एव्हीआयसी हे त्याचं भावंड. ते बऱ्याच कर्नलमध्ये मुळात बंद असतं, केव्हीएम_एएमडी मॉड्यूलला एव्हिक=१ देऊन चालू करावं लागतं. पिट या जुन्या पीसी घड्याळाची टिकपॉलिसी 'डिस्कार्ड' केली नाही तर ते चालू होऊनही गप्प राहतं.

प्रोसेसरमध्ये यातलं काही नसेल तरी लिनक्स गेस्टला पीव्ही-ईओआय मिळतं: ईओआयसाठी एक्झिट घेण्याऐवजी सामायिक मेमरीतला एक बिट पुसायचा. केव्हीएम-पीव्ही-ईओआय हा गुण क्यूएमू आपणहून देतं, फक्त कुठूनतरी उचललेल्या कॉन्फिगमध्ये तो बंद केलेला नाही ना, एवढं पाहा.

पायरी ५: कोणाला कुठे बसवायचं, आणि पोलिंगचा मोह

दोन सॉकेटचा सर्व्हर असेल तर नेटवर्क कार्ड कोणत्या सॉकेटला जोडलं आहे ते पाहा, आणि रेकॉर्डिंगची व्हीएम व तिचा व्हीहोस्ट धागा त्याच बाजूला बसवा. 'व्हर्श व्हीसीपीयूपिन' आणि 'व्हर्श एम्युलेटरपिन' यासाठीच आहेत. कार्डाच्या इंटरप्टची जागा /प्रॉक/आयआरक्यू खालच्या एसएमपी_अॅफिनिटी_लिस्टमध्ये लिहा. आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट आपोआप वाटणारी सेवा) चालू असेल तर ते तुमचं लिहिलेलं थोड्या वेळात पुसतं. त्याला त्या इंटरप्टपुरता मज्जाव करा. एनव्हीएमई एसएसडीच्या रांगांची जागा कर्नल स्वतः ठरवतो, तिथे लिहायला गेलात तर चूक दाखवतो. तो दोष नाही, सोडून द्या. एकाच सॉकेटचा सर्व्हर आणि तीनच व्हीएम असतील तर ही पायरी गाळली तरी चालते.

झोपलेल्या व्हीसीपीयूला इंटरप्टने उठवायला वेळ लागतो, म्हणून केव्हीएम झोपण्याआधी थोडा वेळ जागं राहून वाट पाहतं, हेच पोलिंग. तो वेळ हॉल्ट_पोल_एनएस मध्ये असतो, एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरां) वर २,००,००० नॅनोसेकंद. वाढवला तर प्रतिसाद सुधारतो, पण होस्टचा कोर रिकामाच फिरत राहतो. डेटा सेंटरमध्ये हे परवडतं. जिथे लाईन दिवसातून दोनदा जाते आणि सर्व्हर यूपीएसवर येतो, तिथे हा आकडा कमी करून बघणंच शहाणपणाचं, ५०,००० किंवा थेट शून्य. काट्याचा आकडा शंभर मायक्रोसेकंद उशिरा आला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, बॅटरी मात्र जास्त टिकते.

आणि हो, सर्व्हरचं झाकण उघडून पंखे बघा. जिनिंगमधली रुई हीटसिंकवर गादीसारखी बसते. तापलेला प्रोसेसर वेग उतरवतो, प्रत्येक एक्झिट तितकीच लांबते आणि इथली सगळी मोजणी खोटी ठरते. हंगामात दर आठवड्याला ब्लोअर मारा, मगच आकड्यांवर विश्वास ठेवा.

स्वतः व्हीएमएम लिहिणाऱ्यांसाठी

इंजिनीअरिंगच्या प्रकल्पासाठी केव्हीएमवर स्वतःचा छोटा व्हीएमएम (क्यूएमूसारखा, व्हीएम चालवणारा प्रोग्राम) लिहिणारे विद्यार्थी आता अमरावती-यवतमाळकडेही आहेत. त्यांची गाडी बहुतेक या चार जागी अडते.

एमएसआयसाठी राउटिंग तक्ता (कोणता इंटरप्ट कुठे जातो याची यादी) भरताना केव्हीएम_सेट_जीएसआय_राउटिंग जुन्यात भर घालत नाही, अख्खा तक्ता बदलतं. फक्त नवी ओळ दिलीत तर पिक आणि आयओ-एपिक या इंटरप्ट कंट्रोलरांच्या ओळी उडतात आणि गेस्टचा टायमर बूटच्या मध्येच बंद पडतो. प्रत्येक वेळी पूर्ण तक्ता द्या, एमएसआयचे नंबर आयओ-एपिकच्या २४ पिनांनंतर सुरू करा.

एमएसआय-एक्सचा (अनेक व्हेक्टर देणाऱ्या एमएसआयचा) व्हेक्टर गेस्टने मास्क केला, म्हणजे तात्पुरता बंद केला, की आयआरक्यूएफडीची जोडणी काढा आणि त्या काळात आलेला इंटरप्ट पेंडिंगच्या बिटात नोंदवा. मास्क उघडताना तो बिट पाहून इंटरप्ट द्या. हे विसरलं तर दिवसभर सगळं ठीक चालतं, आणि इंटरप्ट दुसऱ्या सीपीयूवर हलवला की उपकरण मुकं होतं.

लेव्हल पद्धतीची लाइन वर करून खाली आणायची राहिली, तर हँडलर संपताच तोच इंटरप्ट पुन्हा. गेस्टमध्ये 'नोबडी केअर्ड' असा संदेश येतो. लिनक्स एक लाख इंटरप्टमध्ये ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की ती लाइनच बंद करतो. त्यावर असलेली बाकीची उपकरणंही मग गेली.

चौथी जागा सगळ्यांत फसवी. रांग रिकामी झाली म्हणून तुम्ही 'आता हाक मारा' असं लिहिता, आणि त्याच क्षणी समोरच्याने काम टाकलेलं असतं, पण तुमचं लेखन त्याला अजून दिसलेलं नसतं. तो हाक मारत नाही, तुम्ही झोपता. त्यामुळे क्रम असा: सूचना चालू करा, पूर्ण मेमरी बॅरियर (आधीचं लेखन दिसेपर्यंत पुढचं वाचन थांबवणारी आज्ञा) टाका, रांग पुन्हा एकदा तपासा, तेव्हाही रिकामी असेल तरच झोपा. समोरच्या बाजूलाही तेच, काम टाकल्याचा क्रमांक लिहिल्यावर आणि सूचना हवी का हे वाचण्याआधी बॅरियर हवाच. नुसता कंपायलर बॅरियर पुरत नाही. एक्स८६ सुद्धा आधीचं लेखन नंतरच्या वाचनामागे ढकलतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: नेटवर्क अडकतं, आणि गेस्टमधून एक पिंग मारला की साचलेलं सगळं एकदम वाहायला लागतं.

बदल केल्यावर

एका वेळी एकच बदल करा आणि पहिल्या पायरीतले तेच आकडे तेवढ्याच गर्दीत पुन्हा घ्या. व्हीएमची एक्सएमएल फाइल 'व्हर्श डम्पएक्सएमएल'ने आधी बाजूला काढून ठेवा. उपकरणाचे बदल गेस्टच्या आतून रीस्टार्ट केल्याने लागत नाहीत, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करावी लागते. कार्डाचं मॉडेल बदललं की विंडोज ते नवं कार्ड समजतं आणि जुना स्थिर आयपी जुन्या कार्डावरच राहतो. सकाळी गेटवर गाड्या उभ्या असताना हे कळण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी आयपी परत भरून एक वजन काट्यापासून बिलापर्यंत नेऊन बघा.